कुत्रं चावलं? आधी नळाखाली पाय धरा

पोटरीवर दाताची टोचल्यासारखी दोन बारीक भोकं, रक्ताचा एखादाच थेंब. तरीही ही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचीच जखम. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साध्या साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरण चरबीचं असतं, साबण ते फोडतो. मग पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरचीपूड नको. त्याने जखम चिघळते आणि धुणं राहून जातं. टाकेही शक्यतो टाळतात.

रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, कारण तिची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं भरतात: मानवी असेल तर वजनाच्या किलोमागे 20 युनिट, घोड्याचं 40. बरेच जण नेमकं हेच मागायला विसरतात.

त्वचेतली लस 0 (पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर 0.1 मिली. स्नायूतली असेल तर 14वा दिवसही धरा. कुल्ल्यावर मात्र नाही, तिथे चरबीमुळे ती नीट लागू पडत नाही. पोटातली 14 इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली!

कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका.