भिंतीचे सेंटिमीटर

द्राक्षवाले फिजिओथेरपीला नेमाने येतील ही अपेक्षा नाशिकात ठेवायची नसते. ऑक्टोबर छाटणी लागली की माणूस गायब. दिंडोरीकडचे हे काका मात्र एकदाही चुकले नाहीत, म्हणूनच मला जास्त लागलं.

दोन वर्षांपूर्वी शेडवरून पडले, उभेच्या उभे टाचेवर. उजव्या टाचेचं हाड चेपलं. प्लास्टर निघालं, पण पाय आखडलेलाच. मग कुणी म्हणालं हाड वाढलंय, कुणी युरिक ॲसिड. सिलिकॉनच्या टाचांचे तीन जोड झाले. पहिला एक्स-रे बघायला कुणी मागितलाच नव्हता. मी मागितला, आणि त्याचाच मला ताठा होता.

आमची एक साधी चाचणी असते. पाऊल भिंतीपासून मागे सरकवत न्यायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. डावा अंगठा ११ सेंटिमीटरवर, उजवा ३ वर. पोटरीचा ताण गुडघा सरळ ठेवून वेगळा, वाकवून वेगळा, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून येतो, खालचा नाही. सहा आठवड्यांत ३ चे ८ झाले. फाइलवर मी ८ ला गोल केला.

"मॅडम, गुडघा लागतो भिंतीला. पण वावरात पाय पडत नाही."

घरी व्यायाम करत नसतील, असं मी धरून चालले. आम्ही मंडळी हेच धरून चालतो.

एका रविवारी त्यांच्या बागेत गेले, खरं तर द्राक्षं आणायला. काका पुढे चालत होते. क्लिनिकच्या फरशीवर नीट चालणारा माणूस बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, पाय ठेवताना अख्खं पाऊल फळीसारखं टाकत होता. तोल गुडघ्यातून सावरत होता, हात मांडवाच्या तारेला. त्यांना क्रेटवर बसवलं, टाच तळव्यात धरली आणि आत-बाहेर कलवून पाहिली. डावी कलली. उजवी हलेचना.

पाय वर-खाली होतो तो सांधा घोट्यात. टाच कडेला कलते तो त्याच्या खाली, घोट्याचं आणि टाचेचं हाड भेटतं तिथे. चेपली होती ती नेमकी त्याची बैठक. सपाट फरशीला त्याची फार गरज पडत नाही. ढेकळांना पावलोपावली पडते. सहा आठवडे मी वरचा सांधा मोजत बसले, कारण तो सेंटिमीटरमध्ये मोजता येतो. एक्स-रे माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.

पुढे सीटी स्कॅन झाला. सांधा झिजलाय. तो पक्का जोडून टाकण्याचं ऑपरेशन सर्जननी सुचवलंय. दुखणं जाईल, पण कलणं परत येणार नाही. काका म्हणाले, माल उतरू द्या, मग बघू. तोवर घोट्यावर घट्ट बांधायचे बूट आणि एका पायावर उभं राहण्याचा सराव. बोद सोडून ते आता मधल्या सपाट पट्टीतून चालतात. ही युक्ती त्यांचीच.

परवा आले तेव्हा मी टेप काढली नाही. त्यांनीच भिंतीकडे बोट केलं.

"आज मोजायचं नाही का?"