सहाशे वीस तास

एप्रिलचा दुसरा आठवडा, म्हणजे आमच्याकडे लगीनघाई. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना मी सल्ला देते. मेमध्ये अ‍ॅमकॅसचा, म्हणजे तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठी असलेला सामायिक अर्ज उघडतो. त्याआधी प्रत्येकाला माझी 'फक्त दहा मिनिटं' हवी असतात.

हा मुलगा दुसऱ्यांदा अर्ज करणार होता. एमकॅटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ५२८ पैकी ५१७; जीपीए, म्हणजे कॉलेजच्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.८. २०२३ साली सुमारे ५२ हजारांनी अर्ज केले, त्यांतल्या साधारण २३ हजारांना प्रवेश मिळाला. या २३ हजारांची सरासरी होती ५१२च्या आसपास आणि ३.७७. तेव्हा मार्कांत काही खोट नव्हती. तरी आदल्या वर्षी त्याला एकच मुलाखत मिळाली आणि तिथेही तो वेटलिस्टवर लटकला.

"कुठे अडलं ते मला कळलंय. अर्जातला निबंध मिळमिळीत होता." बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच उमटतं.

नवा निबंध त्याने छापूनच आणला होता. पहिल्या ओळीत ऑपरेशन थिएटरचे प्रखर दिवे, तिसरीत मॉनिटरची टिकटिक. ५,३०० अक्षरांची मर्यादा, स्पेस धरून, आणि त्यातली हजारभर तरी त्या दिव्यांनीच खाल्लेली. मला यूकॅसची गोष्ट आठवली. ब्रिटनमधल्या प्रवेश अर्जांचं काम पाहणाऱ्या या संस्थेने २००७ साली पन्नासेक हजार अर्ज कॉपीसाठी तपासले, तर २३४ जणांनी लहानपणी, वयाच्या आठव्या वर्षी, रसायनांशी खेळताना पायजमा जाळलेला निघाला. पायजमा एक, मालक २३४! हा मुलगा कॉपी करणारा नव्हता. पण ते दिवे त्याचे नव्हते, एवढं मला कळत होतं.

निबंध बाजूला ठेवला आणि कामांची यादी उघडली. अर्जात जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येकीला ७०० अक्षरं, शिवाय सर्वांत महत्त्वाच्या तीन निवडून त्यांवर आणखी १,३२५ अक्षरं. चौथी नोंद होती इमर्जन्सी विभागात स्वयंसेवक. तास : ६२०.

"हे कसे मोजलेस?"

"दर शनिवारी चार तास. तीन वर्षं."

मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला. बावन्न आठवडे गुणिले चार गुणिले तीन, ६२४. त्याने प्रामाणिकपणे खाली आणून ६२० लिहिले होते!

"उन्हाळ्यात कुठे होतास?"

"घरी."

"डिसेंबरच्या सुट्टीत?"

"घरी." आवाज जरा खाली आला.

"आणि सुरुवात कधी केलीस?" कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नाव नोंदवलं होतं, प्रत्यक्ष काम तिसऱ्या वर्षापासून. दोन वर्षं, वर्षाला तीस आठवडे, दर आठवड्याला चार तास. दोनशे चाळीस.

कानशिलं लाल झाली पोराची. खोटं बोलायचा त्याचा हेतू नव्हता, नुसता गुणाकार केला होता. पण प्रत्येक नोंदीसोबत संपर्काचं नाव द्यावं लागतं, कॉलेज त्या माणसाला फोन करू शकतं, आणि सगळं खरं आहे अशी कबुली देऊनच अर्ज पुढे जातो. २४० तासांना कुणी हसलं नसतं. ६२० पकडले गेले असते तर बाकीच्या चौदा नोंदींवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

"बरं, त्या शनिवारी करायचास काय?"

"विशेष काही नाही. स्ट्रेचर ढकलायचे, गरम ब्लँकेटं आणून द्यायची, पेशंटला हलवलं की चादर बदलायची." मग जरा थांबून, "चादर पिशवीत टाकायच्या आधी झटकून बघायचो. एकदा एका आजोबांचं कानाचं मशीन चादरीबरोबर लाँड्रीत गेलं. नंतर त्यांना डॉक्टर काय सांगतायत ते ऐकूच येईना, आणि सगळ्यांना वाटलं ते गोंधळलेत. तेव्हापासून उशीचा अभ्राही उलटा करून बघतो. दोनदा कवळी सापडली."

"हे लिहिलंयस कुठे?"

"हे? यात मेडिकल काय आहे?"

त्याच्या ७०० अक्षरांत 'सहानुभूती' दोनदा होती आणि 'टीमवर्क' एकदा. चादर नव्हती. कवळीच्या जोरावर कुणाला प्रवेश मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळतं, आणि उत्तर पाठ करून यावं लागत नाही.

इथवर नेहमीचंच. मग मी मागच्या वर्षीच्या अर्जाच्या तारखा मागितल्या. खरं तर हे आधी विचारायला हवं होतं.

अर्ज दाखल : २ सप्टेंबर.

बहुतेक कॉलेजं आलेला अर्ज वाचत जातात आणि मुलाखती देत जातात, सगळे गोळा होईपर्यंत थांबत नाहीत. अर्ज मेअखेर-जूनच्या सुरुवातीपासून देता येतो. मग अ‍ॅमकॅस मार्कशीटवरचा एकेक विषय पडताळतं, गर्दीच्या दिवसांत त्याला कित्येक आठवडे जातात. त्यानंतर प्रत्येक कॉलेजचे वेगळे प्रश्न येतात, ज्यांना सगळे 'सेकंडरी' म्हणतात. या मुलाची उत्तरं पोचली ऑक्टोबरअखेर. ऑक्टोबरच्या मध्यापासून कॉलेजं प्रवेश द्यायलाही लागतात. पंगत उठत आल्यावर हा पानावर बसला होता.

"एवढा उशीर का केलास?"

तो गप्प. मग म्हणाला, "निबंधावर काम करत होतो. सात ड्राफ्ट झाले."

मला उगाचच कसंतरी झालं. तो गेल्यावर शोधण्यापेक्षा त्याच्यासमोरच मेलबॉक्समध्ये त्याचं नाव टाकलं. ९ जूनला त्याने मला निबंध पाठवला होता. ११ जूनचं माझं उत्तर तीन ओळींचं : छान आहे, पण घाई नको. अजून घासून घे. पाठवायच्या आधी मला पुन्हा दाखव.

पुन्हा दाखवला तेव्हा मी तीन आठवडे रजेवर होते. तोही मेल खाली होता, न उघडलेला.

स्क्रीन त्याच्याकडे वळवली. काय बोलावं सुचेना. "यातली चूक माझीही आहे," एवढंच म्हटलं, आणि 'ही' कशाला जोडला म्हणून स्वतःवरच चिडले.

त्याने शांतपणे वाचलं. "मला वाटलं, तुम्हाला तो आवडला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कॉलेजांची यादी पुढे ओढली. बावीस नावं, त्यांतली नऊ परराज्यांतली सरकारी कॉलेजं. अशा बऱ्याच ठिकाणी आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप असतं. बाहेरच्या किती जणांनी अर्ज केला आणि किती जण आत गेले, हे कॉलेजवार आकडे उघड मिळतात. एकेक बघत गेलो आणि नऊपैकी सातांवर काट मारली. ही यादीही मी गेल्या वर्षी मागितली नव्हती.

निघताना त्याने दिव्यांचा निबंध उचलला, घडी घातली. "यंदा किती ड्राफ्ट?"

"दोन. दुसरा २० मेच्या आत."

"आणि तुम्ही रजेवर कधी आहात?"

कॅलेंडर उघडून त्याला तारखा लिहून दिल्या.