वरच्या मजल्याचा वायफाय आणि खालचा फायरवॉल

पुण्यात आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, तेथे फायबरची जोडणी वरच्या मजल्यावर घरमालकांकडे आहे आणि त्यांचा वायफाय वापरण्याची मुभा भाड्यातच धरलेली आहे. केबल खाली आणायची तर स्लॅबला भोक पाडावे लागेल आणि त्याला घरमालक काका तयार नाहीत. त्यांच्या जागी मीही झालो नसतो. मात्र कामाचा लॅपटॉप आणि फायली साठवण्याचा छोटा सर्व्हर दुसऱ्याच्या नेटवर्कवर थेट उघडा ठेवणे मला पटेना. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चढवलेला एक जुना राउटर मी मध्ये बसवला. एरवी ज्या वॅन पोर्टमध्ये बाहेरची केबल येते, त्याची जागा येथे रेडिओने घ्यायची, म्हणजे राउटरने एखाद्या फोनसारखे वरच्या वायफायला जोडून घ्यायचे, अशी ही योजना होती.

दोन्ही नेटवर्क सरळ ब्रिज करून, म्हणजे जोडून, एकच का करू नयेत, हा प्रश्न प्रथम मनात येतो. फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत, हवा असल्याने मला ते नकोच होते, पण ते सहज होण्यासारखेही नाही. वायफायचे उपकरण अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या यंत्राला, माहितीची जी फ्रेम (पुडी) पाठवते, तिच्यात साधारणतः तीनच पत्ते असतात: अॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि जेथे पोचायचे त्या यंत्राचा. राउटरच्या मागे बसलेल्या लॅपटॉपचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक अॅड्रेस लिहायला तिच्यात जागाच उरत नाही. चार पत्त्यांची डब्ल्यूडीएस पद्धत आहे, परंतु ती दोन्ही टोकांना चालू असावी लागते आणि वरच्या राउटरमध्ये तशी सोयच नाही. त्यामुळे नॅट करून, म्हणजे मागच्या सगळ्या यंत्रांची वाहतूक राउटरच्या एकाच पत्त्याने पाठवून, राउटिंग करणे हाच सरळ मार्ग राहतो.

माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली ती मात्र एका किरकोळ गोष्टीत. जोडणी झाली होती, सिग्नल चांगला होता, वरच्या राउटरने पत्ताही दिला होता, आणि तरीही एकही पान उघडत नव्हते. वरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ताही नेमका तोच असतो. दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) असल्यावर कोणते पाकीट घरात ठेवायचे आणि कोणते वर पाठवायचे, हे राउटरने ठरवायचे तरी कसे? वायफायला हात लावण्यापूर्वीच माझ्या राउटरच्या लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कचा, पत्ता १९२.१६८.५०.१ असा बदलला असता, तर ती संध्याकाळ वाचली असती. हा बदल केल्यावर नव्या पत्त्यावर ठरावीक वेळेत पुन्हा पोचावे लागते, नाहीतर ल्युसी (ओपनडब्ल्यूआरटीची ब्राउझरमधली सेटिंगची पाने) आपला संपर्क तुटला असे समजून जुनी मांडणी परत आणते. हेही मला दोनदा घडल्यावर कळले.

पुढचे काम थोडक्यात होते. वायरलेसच्या पानावर स्कॅन करून वरचे नेटवर्क निवडायचे, पासवर्ड द्यायचा, आणि ‘डब्ल्यूवॅन’ नावाचा जो इंटरफेस तयार होतो तो फायरवॉलच्या ‘वॅन’ झोनमध्ये, म्हणजे बाहेरच्या गटात, ठेवायचा. येथे घाईने ‘लॅन’ निवडले तर सगळा खटाटोप वाया जातो, कारण मग वरच्या मजल्यावरचे प्रत्येक यंत्र घरचेच मानले जाते आणि राउटरचे लॉगिनचे पानही त्याला उघडते. वॅन झोनमध्ये बाहेरून आपणहून आलेली जोडणी नाकारली जाते आणि आपण मागवलेल्या माहितीचे उत्तर तेवढे आत येते.

ही भिंत मुळात एकाच बाजूने असते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. वरून कोणी माझ्या सर्व्हरपर्यंत येऊ शकत नाही, पण माझ्याकडून काकांच्या प्रिंटरपर्यंत खुशाल जाता येते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना माझा वायफाय द्यायचा असल्याने मला ते प्रशस्त वाटेना, म्हणून लॅनमधून १९२.१६८.१.० च्या सबनेटकडे जाणारी वाहतूक नाकारणारा एक नियम घातला. इंटरनेट त्याने बंद पडत नाही. बाहेरच्या पाकिटांवर अंतिम पत्ता दूरच्या सर्व्हरचा असतो आणि वरचा राउटर फक्त वाटेतला टप्पा असतो. डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याची) विचारणाही माझा राउटर स्वतःच्या नावाने करतो, त्यामुळे ती या नियमात सापडत नाही.

रेडिओंची वाटणी कशी करावी, यावर मी बराच विचार केला. एकाच रेडिओवर ग्राहक (वरच्या वायफायला जोडून घेणारा) आणि अॅक्सेस पॉइंट अशी दोन्ही कामे दिली, तर दोघांना एकाच चॅनलवर राहावे लागते, वेगही साधारण निम्म्यावर येतो, आणि वरचे नेटवर्क गायब झाले की बहुधा घरातला वायफायही उठत नाही. माझ्या राउटरला सुदैवाने दोन रेडिओ आहेत. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असला तरी स्लॅबमधून येताना फार क्षीण होत होता, म्हणून वरची जोडणी २.४ वर ठेवली आणि ५ घरासाठी राखला.

मध्यंतरी काकांनी वायफायचा पासवर्ड बदलला, तेव्हा घरातल्या कोणत्याच फोनला किंवा लॅपटॉपला हात लावावा लागला नाही. राउटरला केबल लावून एका चौकटीत नवा पासवर्ड लिहिला आणि काम झाले.