ब्यूनोस आयर्स, नोव्हेंबर 2023: सामना, मतदान आणि पेसोंचं बंडल

गुरुवारी, 16 नोव्हेंबरला पोहोचलो आणि त्याच रात्री ला बोंबोनेरावर, म्हणजे बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमवर, उरुग्वेने जगज्जेत्या अर्जेंटिनाला 2-0 हरवलं. आम्ही पिझ्झाच्या दुकानात उभ्याने सामना पाहत होतो. दुसऱ्या गोलनंतर सगळे चिडीचूप. मी मात्र फुगासेता हा पिझ्झा संपवला: कांदा आणि भरपूर चीज, शाकाहाऱ्यांचा तिथला मोठा आधार.

रविवारी अध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी. शनिवारी रात्री आठपासून दारूविक्री बंद, तेव्हा वाइनची हौस आधीच भागवा. मतदान 18 ते 70 वयाला सक्तीचं, त्यामुळे शाळांबाहेर आजोबा-नातवंडं सगळेच रांगेत. अधिकृत निकालाआधीच सत्ताधारी उमेदवार मास्सा यांनी हार मान्य केली, त्यांचे प्रतिस्पर्धी मिलेईंना जवळपास 56 टक्के मतं पडली, आणि ओबेलिस्को या शहरमध्यातल्या स्तंभाभोवती हॉर्न रात्रभर वाजले. झोपायचं असेल तर त्या भागात खोली घेऊ नका.

खरी गंमत पैशांची. तेव्हा सरकारी दर डॉलरला साडेतीनशे पेसो, फ्लोरिडा रस्त्यावरच्या काळ्या बाजारात साडेनऊशेच्या आसपास! तिथे 'काम्बियो, काम्बियो' (चलन बदला) पुकारणाऱ्या दलालांना 'अर्बोलितो', म्हणजे झाडुकलं म्हणतात. तेव्हा सर्वात मोठी नोट 2000 ची, तीही त्याच वर्षी मे महिन्यात आलेली. शंभर डॉलरच्या बदल्यात मिळालेलं पेसोंचं बंडल खिशात मावेना, बायकोने ते ओढणीत गुंडाळलं. सोमवारी सुट्टी, मंगळवारी बाजार उघडला आणि दर हजाराच्या वर. हॉटेलवाल्याने मेन्यूवर नव्या किमतींच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, खाली जुन्या तीन तरी असाव्यात.

पण जुने ब्लॉग वाचून डॉलरची पोतडी नेऊ नका. एप्रिल 2025 मध्ये सामान्य लोकांवरचे डॉलर-निर्बंध उठले, ती तफावत आता जवळजवळ गेली आहे. थोडे रोख आणि कार्ड पुरे. बस-मेट्रोसाठी सुबे कार्ड घ्या. बोकाच्या सामन्याची तिकिटं सभासदांनाच मिळतात, दलालाच्या नादी लागू नका. स्टेडियममधलं संग्रहालय पाहा.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो या चौकात गेलो. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या आया 1977 पासून तिथे फेरी घालतात, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. 2023 च्या निवडणूक प्रचारात तीस हजार बेपत्तांच्या आकड्यावरच शंका घेतली गेली होती. त्या नेहमीसारख्याच चालत होत्या. बाजूच्या रस्त्यांवर जॅकरांडाचा जांभळा सडा पडला होता. तो पाहायचा तर नोव्हेंबरच गाठा.