थळहून उंदेरी-खांदेरी: निघण्याआधी तिथी बघा

अलिबागच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर थळ. किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात. जवळचं, बुटकं ते उंदेरी. मागचं, दीपगृहाचं ते खांदेरी. इथे तिकीट काढून बसायची फेरीबोट नाही. कोळीवाड्यात विचारून होडी ठरवावी लागते. ठरवताना दोन्ही बेटांवर उतरायचं आहे हे स्पष्ट सांगा, नाहीतर उंदेरीला नुसती फेरी मारून परत आणतात.

सगळं गणित भरतीचं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि ऐन दुपारी ओहोटी. असा दिवस या सहलीला वाया जातो. एकादशीला भरती सव्वाआठला, द्वादशीला नऊला. या दोन तिथी सगळ्यात सोयीच्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा शेवटचा शब्द तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा.

साडेसातला निघा आणि आधी उंदेरी करा. तिथे धक्का नाही. पाणी भरलेलं असताना होडी खडकाला भिडवता येते. पाणी उतरलं की शेवाळलेले, कालवांनी भरलेले खडक उघडे पडतात. कालवाची कड पाय कापते, म्हणून मागे पट्टा असलेल्या, पकड घेणाऱ्या चपला हव्यात. होडी वर उचलली जाते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. आत तटबंदी, बुरूज, झाडीत पडलेल्या तोफा आहेत. सावली कमी, प्यायला पाणी नाही. माणशी दोन लिटर बरोबर घ्या.

खांदेरीला धक्का आहे, त्यामुळे ते नंतर. शिवाजी महाराजांनी 1679 च्या पावसाळ्यात इथे तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडावरच किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रजांनी आरमार पाठवलं, पण बेट मराठ्यांकडेच राहिलं. 1680 च्या सुरुवातीला सिद्दीने उंदेरी बळकावली आणि ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. उंदेरी मराठ्यांकडे आली ती थेट 1760 मध्ये. खांदेरीच्या बुरुजावर उभं राहून उंदेरीकडे पाहिलं की हे अंतर किती थोडं आहे ते कळतं, आणि त्यासाठीच दोन्ही बेटं एका दिवसात पाहावीत.

खांदेरीवर चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा चुकवू नका. गाड्यांसकट टिकलेल्या तोफा आपल्याकडे फार कमी उरल्या आहेत. 1867 चं दीपगृह, कोळ्यांचा वेताळ, आणि छोट्या दगडाने ठोकला की धातूसारखा खणखणणारा खडक. हलकेच वाजवा, त्यावर आधीच पुष्कळ घाव आहेत. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरी आहे. बेटावर उतरण्याचे नियम बदलतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

साडेअकरापर्यंत परत फिरा. उशीर झाला तर होडी थळच्या किनाऱ्याला लागत नाही, गुडघाभर चिखलातून यावं लागतं. शिवाय दुपारी वारा वाढून लाटा आत येतात. पावसाळ्यात हा बेत करूच नका.

परतल्यावर किनाऱ्यावरच खुबलढा किल्ल्याचे अवशेष आहेत. वाटेत वाळूवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पसरलेला असतो, त्याच्या कडेने चाला.