आप्पांचं लॉज घेताना

एरंडोलजवळ हायवेला लागून असलेलं आप्पांचं लॉज घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच आकडा सांगितला, १ कोटी ४५ लाख. ‘यात नाव बी आलं, भाऊ.’ केळीचे व्यापारी, सुरतकडचे ड्रायव्हर, अजिंठ्याला निघालेली कुटुंबं तिथे उतरतात, शेवभाजीला गावातलेही येतात. नावाला किंमत होतीच. पण बँक कर्ज देणार जमीन-बांधकामावर. नावाचे पैसे माझ्या खिशातून जाणार होते.

मूल्यांकनकाराने आधी सातबारा पाहिला. पुढचा भाग एन.ए. म्हणजे बिगरशेती, मागची पार्किंगची जागा अजून शेतीच. मी शेतकरी असल्याने व्यवहार अडला नाही, भाव मात्र उतरला. बांधकामाला, आज तसंच बांधायचा खर्च धरून वयाची घट वजा केली. बोअर जमिनीसोबत, जनरेटर, एसी, गाद्या, भांडी यांची वेगळी यादी. एकूण १ कोटी १० लाख.

मग नाव. वर्षाचा नफा १५ लाख. आप्पा स्वतः गल्ल्यावर बसत, त्यांच्या जागी मॅनेजर ठेवला तर त्याचा पगार ३ लाख ६० हजार, तो वजा. गुंतलेल्या १ कोटी १० लाखांनी ९ टक्क्यांनी कमवायलाच हवेत ते ९ लाख ९० हजार, तेही वजा. उरले दीड लाख. ही जास्तीची कमाई आप्पांच्या ओळखीवर आणि आचाऱ्याच्या हातावर टिकलेली, म्हणून धोक्याचा २५ टक्के दर धरून दीड लाखाला त्याने भागलं. गुडविल, म्हणजे नावाची किंमत, ६ लाख.

आप्पा दुखावले. मला त्यांचं दुःख कळत होतं, पण हायवेची जमीनच इतकी महाग की नफ्यातला मोठा वाटा तीच खाते.

सीए म्हणाले, गुडविल शून्य दाखवा, ते पैसे मशिनरीत धरा. २०२१ च्या वित्त कायद्यापासून त्यावर घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून करात मिळणारी वजावट, मिळत नाही, मशिनरीवर १५ टक्के मिळतो. मी ऐकलं नाही. मशिनरी तेवढ्या किमतीची नव्हती. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार, विकणाऱ्याला त्या भागात तोच धंदा करायला मनाई करता येते ती गुडविल विकलं असेल तरच. आप्पांचा पुतण्या शेजारीच ढाबा काढायचं म्हणत होता, त्यात आप्पा उतरले असते तर गिऱ्हाईक तिकडेच गेलं असतं.

शेवटी नावाचे ८ लाख ठरले, निम्मे वर्षभराने द्यायचे. आचारी कुठल्याच यादीत बसत नव्हता. त्याच्याशी पगाराचं मी वेगळं बोललो. करारात लॉजचं नाव, पाटी आणि आप्पांचा मोबाइल नंबर लिहून घेतला, बरीच बुकिंग अजून त्याच नंबरवर येतात.