सुईचे नेढे

आमच्या घरी रिकामी कात्री वाजवायला सक्त मनाई होती. तशी ती वाजवली की घरात भांडणे होतात, असे आजी म्हणत असे आणि माझ्या हातातली कात्री काढून घेऊन सुईत दोरा ओवण्याचे काम मला देत असे, कारण गोधडी शिवायला बसलेल्या तिच्या डोळ्यांना नेढे दिसेनासे झाले होते. पुढे बाबा फरीद यांच्याविषयी वाचताना हीच कात्री आणि हीच सुई पुन्हा भेटली. १३व्या शतकात पंजाबातल्या अजोधन येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पाकपट्टणला, राहणाऱ्या या चिश्ती परंपरेतल्या सूफी संताला कोणी तरी कात्री भेट दिली, तेव्हा मला सुई द्या, मी कापणारा नव्हे, जोडणारा आहे, अशा अर्थाचे ते बोलले, असे सांगतात.

त्यांच्या जमातखान्यात शिष्य एकाच छपराखाली राहत, जेवत आणि झोपत. कोणी सरपण आणावे, कोणी करीराच्या काटेरी झुडपांची फळे तोडावीत, कोणी पाणी भरावे, आणि पुढे दिल्लीचे निजामुद्दीन औलिया म्हणून ज्यांची ख्याती झाली त्या तरुणाने ती फळे उकडावीत, तेव्हा कुठे सगळ्यांच्या पोटात घास जाई. एकदा मीठ संपले म्हणून निजामुद्दीनांनी ते उधार आणले, तर घास उचलताना फरीदांचा हात जड झाला आणि फकिराने उपाशी मरावे पण जिभेसाठी कर्ज करू नये, असे सुनावून ते अन्न त्यांनी खाल्ले नाही, अशी कथा आहे. मला ती आधी फार कठोर वाटली. बिचाऱ्याने प्रेमापोटीच तर मीठ आणले होते! पण टाका घालायचा तर सुई टोचणारच, आणि इतके टोचून बोलण्याचा हक्क आपल्या माणसावरच असतो.

हा दोरा आपल्याकडेही आला. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १४व्या शतकात दौलताबादेस आले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे.

आजीच्या गोधडीत तिच्या लुगड्यांच्या नि आजोबांच्या धोतरांच्या तुकड्यांमध्ये शेजारच्या खालाच्या ओढणीचा एक हिरवागार तुकडा आहे. तो तिने काठाला दडवलेला नाही, अगदी मधोमध, छातीवर येईल असा लावला आहे. परवा त्याची एक कड उसवलेली दिसली म्हणून सुई काढली, तर नेढे काही केल्या दिसेना. शेवटी मुलीला हाक मारली.